नाव विकलं, जमीन राहिली
इटलीतल्या एका जुन्या वाइन कारखान्याची हकिकत



या पानावर आम्ही दर अंकात बेणं, खत, पाणी आणि खोडवा यांबद्दल लिहितो. या वेळी मात्र तुम्हाला जरा लांब, इटली देशात नेणार आहोत, आणि तेही एका वाइनच्या कारखान्यात. माळकरी सभासदांनी लगेच नाक मुरडू नये. पेल्यात काय पडतं याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. शेत कुणाचं, कारखाना कुणाचा आणि तयार मालावर नाव कुणाचं, या तीन गोष्टी एका हातात असल्या म्हणजे काय होतं, त्या वेगवेगळ्या हातांत गेल्या म्हणजे काय होतं, आणि पुन्हा एकत्र आणायला काय मोल द्यावं लागतं, हे पाहण्यासारखं आहे.

तसं पाहिलं तर ऊस आणि वाइनचं द्राक्ष यांचा हिशेब एकाच मापानं होतो. तोडणीला ऊस आला की नाही हे पाहायला आपले शेतकी मदतनीस ब्रिक्स मीटर घेऊन फडात हिंडतात. तसाच मीटर घेऊन तिकडची माणसं काढणीच्या आधी द्राक्षबागेत हिंडतात. ऊस असो की द्राक्ष, साखर तयार होते ती शेतात. कारखाना फार तर ती वाया जाऊ देत नाही. शेतात जे आलंच नाही ते कारखान्यात कुठून येणार?

कर्जातली जमीन आणि लोखंडी बॅरन

इटलीच्या मध्यभागी तोस्काना नावाचा प्रांत आहे. त्यात फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन जुन्या शहरांच्या मधला जो डोंगराळ भाग आहे, त्याला कियांती म्हणतात. तिथं गायोले गावाच्या हद्दीत ब्रोलियो नावाचा गढीवजा किल्ला आहे. ११४१ सालापासून तो रिकासोली घराण्याकडे आहे. म्हणजे आपल्याकडे देवगिरीच्या यादवांचं राज्य उभं राहायचं होतं, तेव्हापासूनची ही वहिवाट.

या घराण्यात १८०९ साली बेत्तिनो रिकासोली जन्मला. आईवडील लवकर गेले आणि कोवळ्या वयात कर्जानं वाकलेली इस्टेट त्याच्या गळ्यात पडली. माणूस करारी, कुणाची भीडमुर्वत न ठेवणारा. लोकांनी त्याला ‘लोखंडी बॅरन’ असं नाव ठेवलं. १८६१ साली इटलीचे तुकडे जुळून एक देश झाला. पहिला पंतप्रधान कावूर त्याच वर्षी वारला आणि त्याच्या जागी बेत्तिनो आला. पुढं १८६६ साली तो दुसऱ्यांदा पंतप्रधान झाला.

पण आपल्याला या माणसाचं राजकारण नको, शेती हवी. १८३८ च्या सुमारास तो शहर सोडून ब्रोलियोला राहायला गेला. तिथली जमीन कुळं अर्ध्या वाट्यानं कसत. निम्मं पीक मालकाचं, निम्मं कुळाचं. एकाच शेतात गहू, ऑलिव्हची झाडं आणि झाडांवर चढवलेले द्राक्षाचे वेल, अशी मिश्र शेती होती. बेत्तिनोनं कुळांसाठी नियम घालून दिले, फ्रान्समध्ये जाऊन तिथल्या बागा आणि तळघरं पाहिली, आणि कोणतं द्राक्ष आपल्या मातीत कसं येतं याचे प्रयोग तीसेक वर्षं चालवले.

त्या प्रयोगांचं सार त्यानं १८७२ साली पिसा विद्यापीठातल्या प्राध्यापक स्तुदियाती यांना पत्रानं कळवलं. ते पत्र आजही कियांती वाइनचं मूळ सूत्र मानलं जातं. सूत्र सोपं आहे. सांजोवेसे हे काळं द्राक्ष मुख्य, कारण वास आणि जोम त्याचा. त्याचा कडकपणा मवाळ करायला कानायोलो. आणि माल्वाझिया हे पांढरं द्राक्ष थोडंसं घातलं तर वाइन हलकी होते आणि रोजच्या जेवणात चालते. मात्र जी वाइन वर्षानुवर्षं मुरवायची आहे, तीत पांढरं द्राक्ष टाळलेलं बरं. हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवावं. पुढं सगळा घोळ त्याच्यावरूनच झाला.

वजन वाढलं, कस गेला

कियांतीचं नाव मोठं झालं तसे ते नाव वापरणारेही वाढले. हद्दीबाहेरची वाइन त्याच नावानं विकली जाऊ लागली. वास्तविक १७१६ सालीच तोस्कानाच्या राजानं, तिसऱ्या कोझिमोनं, फर्मान काढून कियांतीची हद्द ठरवून दिली होती. पण फर्मान कागदावर राहतं. शेवटी १९२४ साली राद्दा गावात ३३ उत्पादक एकत्र आले, त्यांनी आपला संघ काढला आणि काळा कोंबडा ही खूण घेतली. आजही मूळ कियांतीच्या बाटलीवर हा कोंबडा असतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र खेड्यांची घडी विस्कटली. अर्ध्या वाट्यानं राबणारी कुळं शेती सोडून शहरातल्या कारखान्यांत गेली. १९६४ च्या कायद्यानं अर्धेलीचे नवे करार करायला बंदी झाली. शेती कसायला माणूस उरला नाही, तेव्हा मिश्र शेती मोडून ट्रॅक्टर फिरेल अशा सरळ ओळींच्या बागा घाईघाईनं लावल्या गेल्या. लावणीला वाण कोणते घेतले? तर भरघोस घड देणारे. बेण्याची निवड कसावर न होता वजनावर झाली.

त्यात १९६७ साली सरकारनं कियांतीसाठी नियम केले आणि दहा ते तीस टक्के पांढरं द्राक्ष घालणं सक्तीचं केलं. बेत्तिनोनं जी सवलत रोजच्या हलक्या वाइनपुरती दिली होती, तिचा सगळ्यांसाठी कायदा झाला. पांढरं द्राक्ष पुष्कळ पिकतं, त्यामुळे पुष्कळांना हा नियम सोयीचा वाटला. वाइन मात्र पाणचट झाली. गवताच्या वेष्टणातली गोल बुडाची बाटली ही एके काळी कियांतीची शोभा होती. ती पुढे स्वस्त वाइनची खूण होऊन बसली. रिकामी झाल्यावर हॉटेलातल्या टेबलावर मेणबत्ती खोचायला तिचा उपयोग होऊ लागला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी गत.

याच पडत्या काळात, १९७० च्या दशकात, रिकासोली घराण्यानं आपला वाइनचा धंदा कॅनडाच्या सीग्रॅम कंपनीला विकला. धंद्याबरोबर बाटलीवरचं नावही गेलं. किल्ला आणि जमीन घराण्याकडे राहिली. पुढं तोच धंदा ऑस्ट्रेलियातल्या हार्डी कंपनीच्या हातात गेला. म्हणजे द्राक्ष पिकवायचं रिकासोलींच्या जमिनीत, बाटलीवर नावही रिकासोली, पण बाटलीत काय भरायचं आणि कोणत्या भावानं विकायचं हे ठरवणार सातासमुद्रापलीकडचे लोक.

या कंपन्या वाईट होत्या असं आम्ही म्हणत नाही. त्यांच्या वहीत शेकडो नावं होती, त्यातलं हे एक. अशा नावाकडून मोठ्या कंपनीची अपेक्षा असते ती खपाची. खप हवा तर माल पुष्कळ हवा, आणि पुष्कळ मालाचा भाव कमी ठेवावा लागतो. आपल्या बांधावरच्या पंचाहत्तर वर्षांच्या वेलाचं काय झालं याची रात्री झोपमोड व्हावी, असं त्यांचं त्या जमिनीशी नातंच नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आणि ज्याचं जळत होतं, त्या घराण्याच्या हातात निर्णय उरला नव्हता. शतकभर ज्या नावानं कियांतीला रस्ता दाखवला, ते नाव दुकानातल्या खालच्या फळीवर जाऊन बसलं.

परत घेतलं, पण आधी तोटा सोसला

घराण्याचा वारस फ्रांचेस्को रिकासोली हा व्यवसायानं छायाचित्रकार. शेतीचं शिक्षण नाही, वाइनचा अनुभव नाही. १९९३ साली त्यानं धंदा आणि नाव परत विकत घेतलं. जे आपल्याच पूर्वजांनी उभं केलं, ते मोल देऊन परत घ्यावं लागलं.

आता आमच्या दृष्टीनं महत्त्वाचा भाग सुरू होतो. नवा मालक आल्यावर पहिलं काय केलं? पाटी बदलून रंगरंगोटी केली असती तरी चाललं असतं. नाव तर मिळालंच होतं. पण फ्रांचेस्कोनं शेजारच्या जुन्या वाइन घराण्यातल्या फिलिप्पो मात्सेई यांना सोबत घेतलं, आणि सल्ल्याला कार्लो फेरीनी यांना बोलावलं. हे फेरीनी शिक्षणानं कृषितज्ज्ञ. त्यांनी कियांतीच्या उत्पादक संघात शेतकऱ्यांच्या बांधावर हिंडून काम केलेलं, म्हणजे थोडक्यात आमच्याच बिरादरीतले. त्यांनी दुरुस्ती तळघरापासून न करता बागेपासून सुरू केली.

उत्पादन कमी करायचं ठरलं. ऐकायला विचित्र वाटतं. कर्ज काढून धंदा घ्यायचा आणि माल कमी काढायचा! पण हलक्या मालानं बिघडलेलं नाव आणखी हलका माल विकून सुधारत नाही. वजनासाठी लावलेल्या जुन्या बागा टप्प्याटप्प्यानं उपटल्या. नव्या बागा लावताना वाण, खुंट आणि दोन वेलांतलं अंतर यांचा नव्यानं विचार केला. या विचाराला आधारही तयार होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कियांतीच्या उत्पादक संघानं फ्लॉरेन्स आणि पिसा विद्यापीठांना हाताशी धरून सांजोवेसेच्या निवडक वाणांचे, खुंटांचे आणि लागणीच्या अंतराचे प्रयोग सुरू केले होते. आपल्याकडे पाडेगावच्या संशोधन केंद्रानं किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनं जे उसासाठी केलं, त्याच जातीचं हे काम.

द्राक्षाची नवी बाग लावली की तिसऱ्या वर्षी पहिलं पीक दिसतं, आणि वेल मुरायला त्यापुढं बरीच वर्षं लागतात. ब्रोलियोची एकूण जमीन सुमारे १२०० हेक्टर, त्यातली द्राक्षबाग सुमारे २४० हेक्टर. म्हणजे जवळजवळ सहाशे एकर. एवढी बाग टप्प्यानं उपटून पुन्हा लावायची म्हणजे एका पिढीचं काम. तोवर हातात येणारं पीक कमी, आणि खर्च मात्र चालूच. दरम्यान १९९७ च्या हंगामातली सगळ्यात उत्तम द्राक्षं वेगळी काढून त्यांनी ‘कास्तेल्लो दी ब्रोलियो’ ही वाइन केली आणि किल्ल्याचं नाव पुन्हा मानानं बाजारात आणलं.

त्यानंतरचं काम आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. फ्लॉरेन्सच्या मृदा संशोधन संस्थेच्या मदतीनं त्यांनी सगळ्या बागांच्या मातीचं सर्वेक्षण केलं. २००८ साली ते पुरं झालं. एकाच मालकाच्या जमिनीत १९ प्रकारच्या माती निघाल्या. कुठं चुनखडीची चिकण, कुठं प्राचीन समुद्राच्या तळाचा गाळ, कुठं नदीनं आणून टाकलेला थर. मग कोणत्या तुकड्यात कोणता वेल हे मातीवरून ठरू लागलं. तीन तुकडे असे निघाले की त्यांची वाइन दुसऱ्या कशात न मिसळता त्या शेताच्याच नावानं विकतात : कोल्लेदिला, रोन्चिकोने आणि चेनिप्रिमो. आपल्याकडे ‘बारा एकराचं रान’, ‘ओढ्याकडचं रान’ अशी शेतांची नावं असतात. तशा एका रानाचं नाव बाटलीवर छापून जगात जातं, हा त्या मातीचा मान आहे.

जुन्या वेलांनाही त्यांनी टाकून दिलं नाही. ब्रोलियोच्या बागेतल्या जुन्या सांजोवेसेतून निवड करून स्वतःचं लागणीचं बेणं तयार केलं.

या काळात नियमही सुधारले. पांढऱ्या द्राक्षाची सक्ती आधी कमी झाली, मग उठली, आणि २००६ पासून मूळ कियांतीच्या वाइनमध्ये पांढऱ्या द्राक्षाला बंदीच झाली. लोखंडी बॅरननं १८७२ साली जे सांगितलं होतं, ते कायद्यात यायला १३४ वर्षं लागली. तिथं हेक्टरी साडेसात टनांपेक्षा, म्हणजे एकरी तीन टनांपेक्षा, जास्त द्राक्ष घेता येत नाही. आपल्या नाशिककडचा बागायतदार हा आकडा ऐकून हसेल, पण त्याचं द्राक्ष खायचं, यांचं मुरवायचं. २०१४ साली सगळ्यात वरचा एक दर्जा ठरवण्यात आला. त्याची एक अट अशी की द्राक्ष स्वतःच्याच बागेतलं हवं, विकत घेतलेलं चालणार नाही. शेत आणि नाव यांची गाठ तिकडच्या उत्पादकांनी नियमानंच बांधून टाकली.

आपल्यापुरता हिशेब

आता परत आपल्या फाटकाशी येऊ. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या राज्यात काही सहकारी कारखाने कर्जापायी विकले गेले, काही भाड्यानं चालवायला दिले गेले. तिथल्या सभासदाचं नेमकं काय गेलं? जमीन गेली नाही. ऊस तर अजूनही तोच लावतो, त्याच वजनकाट्यावर घालतो. गेला तो शब्द. कोणतं वाण लावायचं, तोडणी कशी लावायची, साखरेच्या पैशाचं काय करायचं, यावर सभेत उभं राहून बोलायचा हक्क गेला. ब्रोलियोचं जे १९७० च्या दशकात झालं तेच हे. नाव विकलं, जमीन राहिली.

फरक एकच आहे, आणि तो आपल्या विरुद्ध जातो. ब्रोलियोला मालक एक होता. त्यानं ठरवलं, पैसा उभा केला, सही केली, आणि नाव परत आणलं. आपल्यासारख्या हजारो भागधारकांनी एकदा कारखाना घालवला तर तो परत घ्यायला सगळ्यांना एकाच दिवशी एकाच टेबलाशी कोण आणणार? म्हणून घालवल्यावर परत घेण्यापेक्षा न घालवणं हाच आपला मार्ग.

कारखाना एका रात्रीत जात नाही. तो उताऱ्याच्या पॉइंटापॉइंटानं जातो. उसाची एफआरपी उताऱ्यावर ठरते हे सर्वांना ठाऊक आहे. तरी बेणं निवडताना शेजाऱ्याचं एकरी टनेज किती पडलं हेच आधी विचारलं जातं, हा आमचा रोजचा अनुभव. टनेज हवंच, त्यावरच प्रपंच चालतो. पण नुसत्या वजनाच्या मागं लागून कियांतीनं वीस-पंचवीस वर्षांत काय घालवलं ते वर आलंच आहे. दोन्ही चांगलं देणारं वाण, शुद्ध बेणेमळ्यातलं तीनस्तरीय बेणं आणि मातीप्रमाणे खत, यात वजन आणि उतारा यांचं भांडण राहत नाही. पाचट जाळू नये, जळका ऊस पाठवू नये, आणि नोंद एका ठिकाणी करून ऊस दुसरीकडे घालू नये, हे पुन्हा सांगतो.

दोष एकट्या सभासदाचा आहे असं मात्र आम्ही म्हणणार नाही. तोडणीचा प्रोग्रॅम चुकला, आडसाली ऊस तुऱ्यावर जाऊन फडात वाळत राहिला, तोडलेला ऊस दोन-दोन दिवस गाडीत पडून राहिला, तर उतारा पडतो आणि त्याचा जाब शेतकी खात्यालाच, म्हणजे आम्हालाच द्यावा लागेल. तो विचारण्याची जागा सर्वसाधारण सभा आहे. विचारावा. सभेला न येता चहाच्या टपरीवर कारखाना चालवणाऱ्यांची संख्या फार झाली आहे.

आणि मातीचं काय? ब्रोलियोत एका मालकाच्या रानात १९ माती निघाल्या. आपल्या कार्यक्षेत्रात नदीकाठची काळी, माळावरची मुरमाड, पाणी तुंबून झालेली चोपण, सगळं आहे, आणि खताचा डोस मात्र सगळीकडे सारखाच पडतो. खोडवा निघाल्यावर, नवीन लागणीच्या आधी, प्रत्येक सभासदानं आपल्या रानाचा नमुना काढावा. एका एकरात सात-आठ ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा घ्यावा, कडेची माती खरवडून एकत्र करावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जावं, आणि शेवटी उरलेली अर्धा किलो माती पिशवीत भरून गट नंबर घालून गट कार्यालयात द्यावी. बांधाजवळची, झाडाखालची आणि नुकतं खत टाकलेली जागा टाळावी.

ब्रोलियोच्या माणसानं गेलेलं नाव परत आणलं, पण त्याला आधी मोल द्यावं लागलं आणि मग वर्षानुवर्षं बाग उपटून पुन्हा लावावी लागली. आपल्या कारखान्याच्या फाटकावरचं नाव अजून आपलंच आहे. तेवढ्यासाठी यंदा प्रत्येकानं अर्धा किलो माती आणून द्यावी, एवढंच आमचं मागणं आहे.

— ऊस विकास अधिकारी